गच्ची-गॅलरीतल्या बागेसाठी कुंडी निवडताना: आधी लिटर, मग मटेरियल

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. पश्चिमेकडे १० बाय ४ फुटांची गॅलरी आहे आणि सोसायटीच्या गच्चीवर थोडी जागा मिळते. तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, मिरची, टोमॅटो, थोडी पालेभाजी आणि जमलं तर लिंबू लावायचं आहे. मातीच्या कुंड्या घ्याव्यात, प्लॅस्टिकच्या, सिमेंटच्या की ग्रो बॅग? आणि कोणत्या मापाच्या?

कुंडी कशाची, हा खरं तर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ती किती लिटरची, आणि तिसरा ती कुठे ठेवणार. हा क्रम उलटला की पैसे दोनदा जातात. छान रंगाची आठ इंची कुंडी घरी येते, तिच्यात टोमॅटो लागतो, एप्रिलमध्ये तो रोज दुपारी मान टाकतो आणि मग मोठ्या कुंड्यांची खरेदी नव्याने करावी लागते.

जमिनीतलं झाड पाणी कमी पडलं की मुळं लांबवर पाठवतं. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत लागेल तेवढं सगळं पाणी त्या कुंडीतल्या मातीनेच धरून ठेवायचं, आणि त्याच मातीत मुळांना श्वास घ्यायला हवाही उरली पाहिजे. भर उन्हाळ्यात फळावर आलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज ओढतं. चार लिटरच्या कुंडीतली माती तेवढं पाणी देऊच शकत नाही. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत संपलेलं असतं.

नर्सरीत कुंडी ‘इंची’वर मिळते: आठ इंची, दहा इंची, बारा इंची. हा आकडा म्हणजे तोंडाचा व्यास, आणि पुष्कळदा तो काठासकट बाहेरून मोजलेला असतो. उंची आणि तळाची रुंदी त्यात येत नाही. नेहमीच्या निमुळत्या आकारात ८ इंची कुंडीत साधारण ४ लिटर मावतं, १० इंचीत ८, १२ इंचीत १४, १४ इंचीत २२, १६ इंचीत ३४ आणि १८ इंचीत ४५ लिटरच्या पुढे. म्हणजे १२ इंची कुंडी ८ इंचीच्या दीडपट नसते, साडेतीन पट असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, झाडाला मात्र पहिल्याच उन्हाळ्यात कळतो.

स्वतः मोजायचं असेल तर तोंडाचा आणि तळाचा आतला व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या आणि सरासरी काढा. सरासरी गुणिले सरासरी गुणिले उंची गुणिले ०.७८५, आणि उत्तराला १००० ने भागा. तोंड ३०, तळ २०, उंची २८ असेल तर सरासरी २५, म्हणजे पावणेचौदा लिटर. पाणी घालायला वर दीड इंच जागा मोकळी सोडावीच लागते. तो वरचा भाग सगळ्यांत रुंद असल्यामुळे प्रत्यक्षात त्या कुंडीत माती अकरा लिटरच बसते. खत-मातीचा हिशोब करताना हा आकडा धरा.

ग्रो बॅगमध्ये मापाचा एक वेगळाच घोळ आहे. ‘१२ बाय १२’ची पिशवी म्हणजे १२ इंच व्यास आणि १२ इंच उंची असेल, तर ती २२ लिटरची. पण काही विक्रेते पिशवी आडवी सपाट ठेवून तिची रुंदी सांगतात. नर्सरीच्या काळ्या पॉलिथिन पिशव्या तर नेहमी अशाच मोजतात. सपाट रुंदी १२ इंच असली तर भरल्यावर व्यास साडेसात इंचांच्या आसपास येतो आणि पिशवी जेमतेम ९ लिटरची होते. ऑनलाइन मागवताना ‘व्यास की सपाट रुंदी’ हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता कोणत्या झाडाला किती. मेथी, कोथिंबीर, पालक, आंबट चुका यांना खोली ६ ते ८ इंच पुरते. त्यांना हवी असते रुंदी, म्हणून गोल कुंडीपेक्षा ६० बाय २० सेंटीमीटरचा लांबट ट्रे किंवा भाजीचं क्रेट चांगलं. मुळ्याला १०-१२ इंच खोली द्या. मिरचीला एका झाडामागे १० ते १४ लिटर. टोमॅटो आणि वांग्याला २० लिटरच्या खाली जाऊ नका. भेंडीचं सोटमूळ सरळ खाली जातं, तिला किमान १२ इंच खोली हवी. उथळ ट्रेमध्ये लावलेली भेंडी गुडघ्याएवढी होऊन थांबते. दोडका, कारली, काकडी, दुधी यांना ४०-५० लिटर. आलं आणि हळद आडवी वाढतात, म्हणून तोंड रुंद आणि खोली फूटभर. गड्डे फुगले की कडक प्लॅस्टिकची कुंडी चक्क फुटते, त्यामुळे या दोघांसाठी ग्रो बॅग उत्तम.

फुलझाडांत मोगऱ्याला १२ इंची पुरते. थोडा आवळलेला मोगरा फुलतोही छान. जास्वंदीला १४ इंची, गुलाबाला १२ ते १४. शेवंती, सदाफुलीला ८-१० इंची. अडेनियम आणि कोरड्या प्रदेशातली मांसल पानांची झाडं यांना उथळ, रुंद, मातीची कुंडी.

टोमॅटोसाठी लहान कुंडी घेतल्याचा परिणाम फक्त कोमेजण्यावर थांबत नाही. फळाच्या बुडाला काळपट, चामड्यासारखा, आत दबलेला डाग पडतो. लोक त्याला कीड समजून फवारणी करतात. तो रोग नाही. फळ वाढताना त्याच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचलं नाही की ते होतं, आणि कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. माती रोज एकदा सुकून भेगाळते आणि एकदा चिखल होते, अशा कुंडीत अंड्याच्या टरफलांचा चुरा कितीही घातला तरी डाग येतच राहतात. २० लिटरची पिशवी, वर पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन आणि नियमित पाणी हा त्यावरचा उपाय.

मग सरळ मोठीच कुंडी घेऊन सगळं त्यात का लावू नये? भाजीच्या हंगामी रोपांना चालतं, ती महिन्या-दीड महिन्यात माती व्यापून टाकतात. पण कढीपत्ता, लिंबू, जास्वंद यांचं छोटं रोप मोठ्या कुंडीत लावलं तर मुळं मधल्या ओंजळभर मातीत असतात आणि भोवतालची सगळी माती आठवडाभर ओली राहते. ती ओल ओढायला तिथे मुळंच नाहीत. हवा न मिळाल्याने मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, आणि पानं पिवळी दिसली की माणूस आणखी पाणी घालतो. बहुवर्षायू झाडाला प्रत्येक वेळी दोन ते चार इंचांनीच मोठी कुंडी द्यावी: कढीपत्ता ८ इंचीतून १२ इंचीत, मग १४-१६ इंचीत आणि तीन-चार वर्षांनी १८ इंचीत.

खोलीबद्दल एक गोष्ट नीट समजून घेतली तर निम्म्या चुका टळतात. पाणी घालून भोकातून थेंब पडायचे थांबले, तरी कुंडीच्या तळाशी काही सेंटीमीटरचा थर पूर्ण भिजलेलाच राहतो. त्या थराची उंची माती किती बारीक आहे त्यावर ठरते, कुंडी किती उंच आहे त्यावर नाही. घरात करून बघा. भांडी घासायचा लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणून उथळ कुंडी जास्त काळ ओली राहते आणि उंच कुंडीचा वरचा भाग हवेशीर होतो.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे दोन-तीन इंच भरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत उतरतच नाही, जोवर वरची माती तुडुंब भिजत नाही. म्हणजे तो चिंब थर तळाऐवजी खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो, आणि दहा इंचांच्या कुंडीतले तीन इंच वाया जातात. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवा किंवा नायलॉनच्या जाळीचा चौकोन टाका. तेवढं पुरे. विटांचे बारीक तुकडे वापरायचेच असतील तर ते मातीत मिसळा, तिथे त्यांचा खरा उपयोग आहे.

भोकांचं बघू. मातीच्या कुंडीला तळाशी दीड-दोन सेंटीमीटरचं एकच भोक असलं तरी चालतं, कारण तिच्या भिंतीतूनही पाणी बाहेर उडून जातं. प्लॅस्टिकच्या १२ इंची कुंडीला १० ते १२ मिलिमीटरची चार-पाच भोकं हवीत, आणि त्यातली निदान दोन भिंतीला, तळापासून अर्धा-एक इंच वर. कारण सपाट फरशीवर ठेवली की तळाची भोकं फरशीला चिकटून बंद होतात. अनेक प्लॅस्टिक कुंड्यांच्या तळाला भोकांच्या गोल खुणा असतात पण त्या पातळ पापुद्र्याने बंद असतात. विकत आणलेली कुंडी उजेडाकडे धरून बघा. जून-जुलैत अचानक मेलेल्या झाडांपैकी कितीतरी या न फोडलेल्या खुणांमुळे गेलेली असतात. त्या ड्रिलने आतून बाहेर फोडा. तापवलेल्या सळईने प्लॅस्टिक वितळवलं तर धूर होतो आणि काठ फुगून भोक लहान होतं. मातीच्या कुंडीचं भोक मोठं करायचं असेल तर कुंडी रात्रभर पाण्यात भिजवा, जागेवर चिकटपट्टी लावा आणि दगडावर चालणारा ८ मिलिमीटरचा बिट हळू वेगाने, हॅमर बंद ठेवून फिरवा. कोरड्या कुंडीवर घाईने ड्रिल टेकवला की तळ दुभंगतो.

आता मटेरियल. मातीच्या भाजलेल्या कुंडीची भिंत सच्छिद्र असते. तिच्यातून पाणी झिरपून वाफ होतं आणि माठातलं पाणी गार होतं तशीच मुळांभोवतीची माती गार राहते. ज्यांच्या हातून पाणी जास्तच पडतं, त्यांची झाडं मातीच्या कुंडीत वाचतात. उलट बाजू अशी की उन्हाळ्यात तिला प्लॅस्टिकपेक्षा बरंच जास्त पाणी लागतं, आणि आठवडाभर गावाला गेलं की झाड गेलं. घेताना कुंडीला बोटाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ती नीट भाजलेली आणि अखंड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर आहे किंवा कच्ची भाजली आहे, आणि अशी कुंडी कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एका पावसाळ्यात पापुद्रे सुटून भुगा होते. मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा गावातल्या कुंभाराकडून थेट घेतली तर टिचकी मारून निवडायची मोकळीक मिळते आणि हवं तर जास्त भोकंही पाडून मिळतात. नवी कुंडी लावण्याआधी चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले काही दिवस ती झाडाच्या वाटणीचं पाणी स्वतः पिते. बाहेरून पांढरी बुरशीसारखी पुटं येतात ते बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार. सुकल्यावर काथ्याने घासली की निघतात.

प्लॅस्टिक हलकं, स्वस्त, आणि पाणी धरून ठेवणारं. गॅलरीसाठी ते वाईट नाही. भाजी, कढीपत्ता, जास्वंद यांना चालतं. तुळस आणि अडेनियमला मात्र मातीचीच द्या, पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये ती कुजतात. घेताना कुंडीची भिंत दोन्ही अंगठ्यांनी दाबा. लवचिकपणे आत जाऊन परत आली तर ठीक. दाबल्याजागी पांढरी रेघ उमटली तर ती भेसळीच्या प्लॅस्टिकची आहे आणि दोन उन्हाळ्यांत कुरकुरीत होईल. काठ आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुमडलेला असावा, कारण वीस किलोची कुंडी उचलताना हात तिथेच घालणार. पोट फुगीर आणि तोंड आवळ अशी मडक्याच्या आकाराची कुंडी, कशाचीही असो, बहुवर्षायू झाडाला घेऊ नका. मुळांनी पोट भरलं की झाड बाहेर काढायचा एकच मार्ग उरतो: कुंडी फोडणं.

ग्रो बॅगचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे वागतात. विणलेल्या एचडीपीई (एक चिवट प्लॅस्टिक) पट्ट्यांची पिशवी ताडपत्रीसारखी असते. तिच्यातून हवा-पाणी फारसं जात नाही, म्हणजे ती वागायला प्लॅस्टिकच्या कुंडीसारखीच. गच्चीवर भाजीसाठी हीच घ्या, अतिनील किरण सहन करणारी, २२० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) किंवा त्याहून जाड. कडेच्या पट्ट्या सुटून धागे यायला लागले की पुढच्या हंगामाआधी बदला. भरलेली फाटकी पिशवी हलवता येत नाही. दुसरी जाड नमद्यासारख्या कापडाची. तिच्या भिंतीपाशी मूळ आलं की हवेने त्याचं टोक सुकतं आणि मागून नवी तंतुमुळं फुटतात. गोल प्लॅस्टिक कुंडीत मुळं भिंतीला धरून गोल गोल फिरत राहतात, ते इथे होत नाही. लिंबू, अंजीर, डाळिंब यांना ही पिशवी फार मानवते. पण नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागतं. ठिबकची सोय नसेल तर विदर्भात तिच्या वाटेला जाऊ नये.

सिमेंटची कुंडी बंगल्याच्या अंगणात, जमिनीवर ठेवायला चांगली. वाऱ्याने पडत नाही, वर्षानुवर्षं टिकते. गॅलरीत आणि गच्चीवर मात्र नको, रिकाम्या कुंडीचंच वजन मातीएवढं होतं. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि माती अल्कधर्मी होते, त्यामुळे पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसायला लागतो. लावण्याआधी भोक बंद करून पाणी भरून ठेवा, दर दोन दिवसांनी बदला, असं आठ-दहा दिवस. चकचकीत सिरॅमिकच्या कुंड्यांना बहुधा भोकच नसतं. त्यांचा उपयोग आत साधी कुंडी ठेवण्यापुरता.

जुन्या वस्तूंपैकी २०० लिटरचा निळा ड्रम अर्धा कापला की ९०-१०० लिटरच्या दोन कुंड्या होतात. लिंबू, शेवगा, पपईसाठी याहून सोयीचं काही नाही. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग उभी केली, तिथेही असे ड्रम वापरले होते. फक्त ड्रममध्ये आधी काय होतं हे विचारा. खाद्यतेल, सरबताचा अर्क, लोणचं चालेल. ॲसिड, कीटकनाशक, रंगाचे थिनर असलेला ड्रम कितीही धुतला तरी खाण्याच्या झाडाला वापरू नये, आणि विकणाऱ्याला आधीचा माल सांगता येत नसेल तर तो ड्रम घेऊ नये. रंगाची २० लिटरची बादली, पाण्यावर आधारित रंगाची असेल तर नीट धुऊन आणि वाळलेले पापुद्रे काढून मिरची-वांग्याला चालते. पाण्याचा पारदर्शक वीस लिटरचा जार मात्र बाहेरून रंगवल्याशिवाय वापरू नका. उजेड आत गेला की भिंतीला शेवाळ धरतं आणि मुळं उजेडापासून लांब पळतात. तेलाचा पत्र्याचा डबा दोन पावसाळ्यांत तळातून सडतो आणि उन्हात तव्यासारखा तापतो.

तुमची गॅलरी पश्चिमेची आहे, म्हणून तापण्याबद्दल थोडं जास्त. दुपारी दोन ते सहा ऊन तिरपं येतं आणि पानांवर पडण्याआधी कुंडीच्या भिंतीवर पडतं. मातीचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मुळांचं काम थांबायला लागतं, आणि काळ्या प्लॅस्टिकच्या उन्हाकडच्या बाजूला ते ५० च्या पुढेही जातं. झाड उपटलं की दिसतं: पश्चिमेकडच्या बाजूची मुळं तपकिरी, पोकळ, सावलीच्या बाजूची पांढरी, जिवंत. काळी कुंडी घेऊ नका. पांढरी, फिकी किंवा मातीची घ्या. असलेली काळी कुंडी बाहेरून चुन्याने रंगवा किंवा ओलं गोणपाट गुंडाळा. याहून चांगली युक्ती म्हणजे कुंडीत कुंडी: दोन इंचांनी मोठ्या कुंडीत ती ठेवून मधल्या फटीत काथ्या दाबायचा. आणि मोठ्या कुंड्यांच्या पुढे, उन्हाच्या बाजूला, पालेभाजीचे बुटके ट्रे ठेवले तर मागच्या कुंड्यांच्या भिंतींना आपोआप सावली मिळते.

वजनाचा हिशोब टाळू नका. लाल माती आणि शेणखताचं भिजलेलं मिश्रण लिटरला दीड किलोच्या आसपास भरतं. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि गांडूळखत जास्त, माती कमी असं मिश्रण किलोच्या जवळपास. घरं बांधताना भारतीय मानक आयएस ८७५ नुसार गॅलरीसाठी चौरस मीटरला सुमारे ३०० किलो आणि माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी सुमारे १५० किलो वापराचा भार धरतात. म्हणजे गच्चीवर चौरस फुटाला १४ किलो, आणि त्यातच माणसंही आली. फूटभर उंचीची ओली माती गच्चीभर पसरली तर चौरस मीटरला साडेचारशे किलो होतात, धरलेल्या भाराच्या तिप्पट. म्हणून कुंड्या विखुरलेल्या ठेवायच्या, मध्ये चालायची वाट सोडायची, आणि अर्धा ड्रम खांबाच्या किंवा तुळईच्या डोक्यावरच ठेवायचा; एकटा तो दीडशे किलो होतो. गॅलरीत जड कुंड्या घराच्या भिंतीलगत, हलके ट्रे कठड्याच्या बाजूला. इमारत जुनी असेल, स्लॅबखाली गंजाचे डाग किंवा सुटलेलं प्लॅस्टर दिसत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत गच्चीवरच्या शेतीसाठी मातीऐवजी मुख्यतः उसाची चिपाडं पिशव्यांत भरायची पद्धत रुळवली, तिचा मोठा फायदा हाच: वजन कमी, आणि चिपाडं कुजून खत होतात.

काळी माती कुंडीत वापरू नका, कितीही सुपीक असली तरी. ती सुकली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. खालून पाणी आलं म्हणून झाड प्यायलं असं वाटतं, आतला गोळा मात्र कोरडा असतो.

कठड्यावर कुंडी ठेवू नये, तारेने बांधून सुद्धा. ग्रिलला अडकवायच्या असतील तर आतल्या बाजूने, आणि हुकाची ताकद रिकाम्या नव्हे, भिजलेल्या कुंडीच्या वजनाने तपासून. गच्चीवर जूनच्या वाऱ्यात उंच-अरुंद कुंड्या हमखास आडव्या होतात. तिथे रुंदी उंचीएवढी तरी असावी. कुंड्या विटांवर किंवा कुंडीच्या स्टँडवर ठेवा. खालून हवा खेळली की भोकं मोकळी राहतात, मुळं फरशीच्या सांध्यांत शिरत नाहीत आणि खालचा ब्रिकबॅट कोबा (पाणी झिरपू नये म्हणून गच्चीवर घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) कायम ओला राहत नाही.

गॅलरीत खालच्यांच्या कपड्यांवर पाणी गळू नये म्हणून कुंडीखाली बशी लागते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येऊन पहिल्यांदा याच बशा बघतात. जून ते सप्टेंबर गच्चीवरच्या सगळ्या बशा काढूनच ठेवा, तिथे त्यांचं कामच नाही. वात लावून खालच्या टाकीतून पाणी ओढणाऱ्या कुंड्या गावाला जाणाऱ्यांसाठी उपयोगी आहेत, पण टाकीला वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक आणि पाणी ओतायच्या तोंडाला जाळी असेल तरच घ्या. मोठ्या पावसात त्या उघड्यावर ठेवू नका.

तळाला भोक नसलेली कुंडी चालते ती अळू आणि कमळाला. अळूसाठी भोक तळाला न पाडता भिंतीला तीन इंच वर पाडलं की खालचा चिखल टिकतो आणि वरचं जास्तीचं पाणी निघून जातं.

तुळशीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त मरणारं कुंडीतलं झाड तेच असावं. बाजारातली वृंदावनं दिसायला मोठी, पण वरचा खळगा बऱ्याचदा दोन-तीन लिटरचाच असतो, तळाला भोक नसतं किंवा सिमेंटने बुजलेलं असतं. त्यात रोज सकाळी तांब्याभर पाणी, कधी दूध, दिव्याचं तेल. मुळं गुदमरतात. वृंदावन ठेवायचं असेल तर खळग्याच्या तळातून बाहेरपर्यंत १२ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, किंवा खळग्यात बसेल अशी मातीची कुंडी आत ठेवून तिच्यात तुळस लावा म्हणजे उचलून निथळता येईल. पूजेचं पाणी पळीभर घाला. खरं पाणी माती बोटभर खोल सुकली की. मंजिऱ्या आल्या की खुडत राहा.

तुमच्या जागेसाठी यादी अशी करता येईल. गॅलरीत भिंतीलगत जास्वंदीला १४ इंची मातीची एक, मोगऱ्याला १२ इंची मातीच्या दोन, कढीपत्त्याला सध्या १२ इंची फिक्या रंगाची प्लॅस्टिकची एक, तुळशीला १० इंची मातीची. कठड्याच्या बाजूला पालेभाजीचे तीन लांबट ट्रे. हे सगळं भिजल्यावर दोन-सव्वादोनशे किलो होतं, ४० चौरस फुटांच्या धडधाकट गॅलरीला ते जड नाही. गच्चीवर टोमॅटोला १५ बाय १५ च्या चार आणि मिरचीला १२ बाय १२ च्या चार एचडीपीई पिशव्या, दोन ओळींत, मध्ये दोन फुटांची वाट सोडून.

लिंबासाठी कलम घ्या, बियांचं रोप नको. ते आधी १२ इंची कुंडीत एक वर्ष, मग १६ इंचीत दोन वर्षं, आणि मगच खांबावर ठेवलेल्या अर्ध्या ड्रममध्ये. ड्रमच्या तळाला १२ मिलिमीटरची आठ भोकं, भिंतीला एक इंच वर चार. हलवायचं काम जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस स्थिरावल्यावर करा. आदल्या दिवशी पाणी घालून ठेवलं तर मुळांचा गोळा अखंड निघतो. भिंतीला धरून गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार सुरीने गोळ्याला बाहेरून चार उभे छेद द्या, अर्धा-पाऊण इंच खोल, आणि कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं राहील अशा बेताने लावा.